कॅरिअरला जुगाड म्हणू नका

आमच्या शेगावात वेल्डिंगच्या दुकानासमोर एखाद्या फेरीवाल्याच्या जुन्या लुनाला लोखंडी कॅरिअर बसवणं चालू असतं, तेव्हा जाणारा-येणारा दोन मिनिटं थांबतो आणि म्हणतो, "भारी जुगाड आहे हं!" कारागीर हसतो, फेरीवालाही हसतो. मला मात्र त्या शब्दाचा राग येतो. तो कौतुकाने म्हटलेला असतो हे मला कळतं. 2012 साली तर या शब्दाच्या नावाचं इंग्रजी पुस्तकसुद्धा निघालं आणि मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब 'जुगाड' शिकू लागले. पण आपल्याकडे एखाद्या कामाला जुगाड म्हटलं की त्यातली विद्या नाहीशी होते. उरतं ते फक्त 'कसंबसं भागवलं'. आणि कसंबसं भागवणाऱ्याला मजुरी कसंबशीच मिळते, दंड मात्र पूर्ण होतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक. लोखंडाशी माझा संबंध एवढाच, की माझे निम्मे विद्यार्थी दहावीच्या आधीच लोखंडाकडे जातात. त्यांच्यामुळे मी हे काम जवळून बघत आलो.

आमच्या मोहल्ल्यातल्या पिंजारी चाचांचं उदाहरण घेतो. माझ्या लहानपणी ते सायकलवर गावोगाव फिरायचे. हा सगळा कापसाचा मुलूख, त्यामुळे पिंजाऱ्यांची घरं बऱ्याच गावांत असत. त्यांना पिंजारी म्हणा, नदाफ म्हणा की मन्सूरी म्हणा, काम एकच: दबून गठ्ठ झालेला कापूस पुन्हा मोकळा करायचा. सोबत पिंजण. नव्या पिढीने पिंजण पाहिलंच नसेल म्हणून सांगतो. माणसाच्या उंचीच्या आसपासचं, धनुष्यासारखं लाकडी अवजार, त्याला ताणलेली तात, आणि त्या तातेवर मारायचा लाकडी ठोकळा. ते वाजत असलं की गल्लीला कळायचं, कुणाच्या तरी घरी लग्न आहे आणि गाद्या भरल्या जात आहेत.

आता हे पिंजण सायकलवर न्यायचं कसं? आडवं बांधलं तर दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. समोरून येणाऱ्या बैलगाडीलाही अडकतं, ट्रकची तर गोष्टच सोडा. उभं बांधलं तर झाडाच्या फांद्या आणि विजेच्या तारा. खांद्यावर घेतलं तर हँडलवर एकच हात राहतो. चाचांच्या वडिलांनी कॅरिअरच्या डाव्या अंगाला दोन आकडे बसवून घेतले होते. इंग्रजी 'यू' अक्षरासारखे, आतून सायकलच्या फाटक्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. पिंजण त्यात तिरपं बसायचं, खालचं टोक पायदानाच्या मागे आणि वरचं टोक मागच्या गठ्ठ्याच्या वर. वरून ट्यूबचाच एक पट्टा. रस्त्यावर गाडीच्या रुंदीबाहेर काही येत नाही, धक्क्याने तात तुटत नाही, आणि उतरवायला क्षणभर पुरतो. पुढे सायकल गेली, लुना आली. फिरोदियांची लुना 1972 मध्ये बाजारात आली, पण आमच्या चाचांपर्यंत पोहोचायला तिला बरीच वर्षं लागली, तीही दुसऱ्याने वापरून सोडलेली. आकडे तेच राहिले, फक्त जाड झाले.

एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी थंड देशातला माणूस, बर्फावर चालणारी स्कूटर, आपल्या गुलमर्गला पर्यटकांना फिरवायला असते तशी. त्याला त्याच्यावरून स्कीच्या पट्ट्या न्यायच्या होत्या. त्या पट्ट्याही माणसाएवढ्या लांब. विकतचं रॅक महाग, म्हणून गड्याने घरच्या घरी पाइप वाकवला, दोन आकडे केले, त्यांना रबर लावलं, वरून रबरी पट्टा. पोरगं म्हणालं, "सर, ये तो अपने चाचा का पिंजण का इस्टँड है!" अगदी तेच होतं. फरक एवढाच, की तिकडे त्या माणसाने मापं लिहून ठेवली होती, पाइपची जाडी सांगितली होती, कुठला बोल्ट वापरला ते दाखवलं होतं. त्याला कुणी जुगाडू म्हणत नव्हतं. तो त्याचा छंद होता. आमच्या चाचांची ती रोजी होती, तरी ते जुगाड!

हे काम किती विचाराचं आहे ते जरा सविस्तर सांगतो. ज्यांनी कधी गाडीला कॅरिअर बसवून घेतलेलं नाही त्यांनीही वाचावं.

पहिला प्रश्न, लोखंड कोणतं? अडाणी माणूस म्हणेल जाड सळई घ्या, मजबूत होईल. कारागीर एक इंच चौकोनी पाइप काढतो, सोळा गेजचा, म्हणजे भिंत साधारण 1.6 मिलिमीटरची. एका मीटरचं वजन सव्वा किलोपेक्षा थोडं कमी भरतं. तेवढ्याच वजनाची भरीव गोल सळई घेतली तर ती जेमतेम 14 मिलिमीटरची येते, आणि वाकायला ती पाइपपेक्षा सातपटीहून जास्त नरम असते. लोखंड तेवढंच, पैसे तेवढेच, पण ते मधून काढून कडेला नेलं की ताकद वाढते. ज्वारीचं ताट आतून मऊ गराचं आणि फक्त कडेने कडक असूनही कणसाचं वजन घेऊन उभं राहतं ते याच कारणाने. विद्यार्थ्याला हे मी ताटावरून सांगतो, कारागीर पाइप गुडघ्यावर दाबून सांगतो.

दुसरा प्रश्न, वजन कुठे ठेवायचं? इथेच बहुतेक कॅरिअर फसतात. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे माल लादला की गाडीचा तराजू होतो. समजा, दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटर आहे आणि 40 किलोचा गठ्ठा मागच्या आसापासून एक फूट मागे आहे. मग पुढच्या चाकावरचं साडेनऊ किलोच्या आसपास वजन उचललं जातं. हँडल हलकं लागतं, खड्ड्यात पुढचं चाक उडतं, आणि पुढचा ब्रेक दाबला तर चाक घसरतं. फेरीवाले म्हणतात, "गाडी नाचते." ती नाचते कारण गठ्ठा चुकीच्या जागी आहे, गाडी खराब आहे म्हणून नव्हे. उपाय जुनाच आहे, भिश्त्याच्या पखालीचा. हेल्याच्या पाठीवर पखाल कशी असायची? दोन्ही बाजूंना सारखी, खाली लोंबणारी, पाठीच्या मधोमध. घोड्यावरची खुरजी तशीच, गाढवावरच्या गोण्याही तशाच. कॅरिअरही तसंच हवं: दोन बाजूंना दोन जाळ्या, जड माल खाली आणि पुढे सरकवलेला, हलका माल वर. गाद्या, रजया, प्लास्टिकच्या बादल्या वर गेल्या तर चालतात. भांड्यांचं पोतं वर गेलं तर चालत नाही.

तिसरा प्रश्न जोडायचं कसं, आणि यावर माझं मत ठाम आहे: गाडीच्या चॅसीला वेल्डिंग करू नये. कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी करू नये. चॅसीची नळी पातळ असते, तिच्यावर आर्क धरला की भोक पडण्याची भीती, आणि भोक पडलं नाही तरी सांध्याच्या कडेचं लोखंड तापून आपला मूळ गुण सोडतं. पुढे सहा महिन्यांनी चीर जाते ती बरोबर सांध्याच्या शेजारी. चांगला कारागीर कॅरिअर वेगळं तयार करतो आणि गाडीला आधीच असलेल्या बोल्टच्या जागा शोधतो: शॉकअपचा वरचा बोल्ट, मागच्या हातधरणीचे बोल्ट, पायदानाचा बोल्ट. तिथे जाड पट्टी घालून, स्प्रिंग वॉशर लावून, मध्ये ट्यूबचं रबर ठेवून आवळतो. बारा-तेराच्या पान्याने कॅरिअर निघालं पाहिजे. सणावाराला बीवी-बच्चांना घेऊन जायचं असेल तर दहा मिनिटांत गाडी पुन्हा गाडी झाली पाहिजे. आणि पातळ पाइपला अडीच मिलिमीटरचाच वेल्डिंग रॉड हवा. जाड रॉडने काम लवकर होतं, पण पाइप जळतो. काम गाडीवर घेण्याची वेळ आलीच तर बॅटरीची तार काढायची आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. हे सांगावं लागतं, कारण मी न उतरवलेल्या पाहिल्या आहेत.

सायलेन्सरच्या बाजूला चार बोटं जागा सोडायची, नाहीतर चादरीचा गठ्ठा धुमसतो. मागचा लाल दिवा, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जाता कामा नये. हे शेवटचं पोलिसाकरिता सांगतो असं वाटेल, पण खामगाव रोडला रात्री मागून येणाऱ्या ट्रकला दिसणारं तेवढंच असतं.

चाचांच्या मुलाने आता जे कॅरिअर बनवून घेतलं त्याला पाच मीटर पाइप लागला, म्हणजे सहा किलोच्या आसपास. आकडे, पट्ट्या, बोल्ट धरून वजन सात किलो. लोखंड, रॉड, रेड ऑक्साइड, काळा रंग आणि मजुरी, सगळं मिळून साडेअकराशे रुपये. तो रजया, उशा, चादरी विकतो, पण एखादी जुनी गादी पिंजून द्यायची असेल तर पिंजण लागतंच, म्हणून डाव्या अंगाचे दोन आकडे त्याने ठेवले. माटरगाव, मनसगाव, जलंब असा त्याचा फेरा. साडेअकराशेमध्ये त्याचं दुकान उभं राहिलं. दुकान भाड्याने घ्यायचं म्हटलं असतं तर डिपॉझिटचाच आकडा ऐकून तो परत फिरला असता.

पण मर्यादाही सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. अशा बऱ्याच छोट्या गाड्यांचा एकूण भार, चालवणारा धरून, 130 किलोच्या आसपास असतो. माणूस 65 किलोचा, कॅरिअर सात किलोचं, तर मालाला उरले 58. मी बाजारात यापेक्षा दुप्पट लादलेल्या गाड्या रोज बघतो. कॅरिअर मजबूत झालं म्हणून ब्रेक मजबूत होत नाहीत आणि टायरही होत नाही. लोखंड जेवढं पेलतं तेवढं गाडी पेलत नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा कारागीर मला हवा आहे. तसे आहेत, पण कमी.

आता माझ्या वर्गाकडे वळतो. एका पोराला गणितात कधी पस्तीसच्या वर मार्क मिळाले नाहीत. आठवीनंतर सुट्टीत तो वेल्डिंगच्या दुकानात जाऊ लागला. एकदा मी तिथे उभा असताना उस्तादाने विचारलं, "बारा की सलाख, दस मीटर, कितना?" पोरगं म्हणालं, "नौ किलो में थोडा कम." मी घरी येऊन हिशेब केला. सळईच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा आणि 162 ने भागायचं, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत येतं. बारा गुणिले बारा 144, भागिले 162, म्हणजे 0.889. दहा मीटरचे आठ किलो नऊशे ग्रॅम. पोराचं बरोबर होतं. वर्ग, भागाकार, दशांश, सगळं त्याच्या डोक्यात होतं, फक्त उत्तरपत्रिकेवर उतरत नव्हतं. त्याला नापास म्हणताना आपण नेमकं काय मोजलं, याचा विचार शिक्षकांनी करावा. मी धरून.

भाषेचा भागही यात आहे. शाळेत त्याला 'गुरुत्वमध्य' शिकवतात, उर्दू शाळेत 'मर्कज-ए-सिक्ल', आणि दुकानात उस्ताद म्हणतो 'बॅलन्स'. तिन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. माझं काम दोन भाषांचं, म्हणून मला यात फार गंमत वाटते. कारागीर, अवजार, पेच, हमाल, जीन, खोगीर, रिकीब हे सगळे शब्द फारसी-अरबीकडून मराठीत आले आणि इतके मुरले की आता कुणी त्यांना परके म्हणत नाही. ओझं वाहायची आणि ओझं बांधायची भाषा आपण दोघांनी मिळून घडवली आहे. पुस्तकातल्या धड्याशेजारी दुकानातला शब्द ठेवायला मात्र कुणाला सुचत नाही.

कायद्याचं बघू. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कंपनीने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. हेतू चुकीचा नाही. चॅसी कापून तीन चाकं लावलेल्या गाड्या रस्त्यावर माणसं मारतात. पण 2020 मध्ये केंद्राने दुचाकीवर हलका डबा बसवायला नियमात जागा केली: लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिलिमीटरपर्यंत, आणि डबा मागच्या सीटच्या जागी असेल तर मागे माणूस बसवायचा नाही. मोजून-मापून परवानगी देता येते, हे यावरून सिद्ध झालं. मग माझा सवाल साधा आहे. डब्याचं माप लिहिता येतं, तर फेरीवाल्याच्या जाळीचं का लिहिता येत नाही? नट-बोल्टने बसणारी, अमुक रुंदीची, अमुक वजनाची, मागे लाल पट्टी असलेली जाळी चालेल, असा एक कागद काढला तर किती गरिबांचं भलं होईल! 2014 चा पथविक्रेता कायदा फिरत्या विक्रेत्यालाही विक्रेता मानतो. जून 2020 मध्ये आलेल्या स्वनिधी योजनेत त्याला सुरुवातीला 10,000 रुपयांचं कर्ज देऊ केलं. माल भरायला कर्ज आहे, माल न्यायच्या कॅरिअरबद्दल मात्र एक ओळ नाही. चौकात अडवलं की तो हात जोडतो, कारण त्याचं कॅरिअर चूक आहे की बरोबर हे त्याला माहीत नसतं आणि अडवणाऱ्यालाही नसतं. दुखणं हेल्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली ही गत.

कंपन्यांनी मात्र हे बरोबर ओळखलं. फेब्रुवारी 2024 मध्ये लुना विजेवर परत आली तेव्हा तिच्या जाहिरातीत 150 किलो भार आणि मागची सीट काढून माल ठेवायची सोय ठळकपणे सांगितलेली होती. म्हणजे सीट काढून जाळी बसवायची, हे आमच्या वेल्डिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं केलेलं काम कारखान्यातून निघालं तेव्हा त्याला 'सुविधा' म्हणाले.

आपल्याच राज्यातलं दुसरं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी चारचाकी बनवली, किक मारून चालू होणारी. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, ही गाडी नियमात बसत नाही म्हणून आज ना उद्या अडवली जाईल हेही खरं तेच सांगितलं, आणि त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती मिळालीही. चांगलं झालं. पण मला ते पाहताना एक खटकलं. बनवणाऱ्या माणसाला आपण बनवलेली वस्तू दिली. कौतुक झालं, फोटो निघाले. त्या हातांना अजून काय बनवता आलं असतं, हे कुणी फारसं विचारलं नाही. त्यापेक्षा गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींचं नशीब बरं. त्यांनी बुलेट मोटरसायकलला मागे अवजार जोडून कोळपणी-पेरणी करणारं 'बुलेट सांती' बनवलं, आणि अशा कारागिरांना शोधत फिरणाऱ्या प्रा. अनिल गुप्ता यांच्या लोकांनी ते कागदावर उतरवून त्याचं पेटंट घ्यायला मदत केली.

आणि मग आपल्या विदर्भातला इस्माईल. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल शेख इब्राहिम, ज्याला गाव मुन्ना म्हणायचं. आठवीपर्यंत शिकलेला, पत्र्याची कपाटं आणि कूलर बनवणारा. त्याने मोटारीचं इंजिन घेऊन एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवायला घेतलं. ऑगस्ट 2021 मध्ये, रात्री चाचणी चालू असताना, मागचा पंखा तुटून वरच्या पंख्यावर आदळला आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. वय 24. त्यानंतर काही दिवस सगळीकडे 'विदर्भाचा रँचो' असं लिहिलं गेलं, सिनेमातल्या पात्राचं नाव देऊन. मला ते वाचून संताप आला होता. फिरणाऱ्या पात्याच्या कक्षेत माणूस नसावा, पहिली चाचणी दुरून घ्यावी, हे कोणत्याही कार्यशाळेतल्या पहिल्या महिन्याचं शिक्षण. धाडस, हात, जिद्द सगळं त्याच्याकडे होतं; शेजारी उभं राहून "थांब" म्हणणारा जाणकार नव्हता. आपल्या शेगावात 1983 पासून गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशी महाविद्यालयं आता विदर्भात ठिकठिकाणी आहेत. आणि त्यांच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर वेल्डिंगची दुकानं आहेत. मधला रस्ता ओलांडायला दोन्हीकडून कुणी निघत नाही.

सच्चर समितीने नोव्हेंबर 2006 च्या अहवालात आयटीआय प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणावी असं सुचवलं होतं. वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आज आठवी पास मुलाला खुला आहे. शिवाय आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सरकारी सोय आहे. सप्टेंबर 2023 मध्ये विश्वकर्मा योजना आली. तिच्या 18 कामांच्या यादीत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, हार गुंफणारा आहे. वेल्डर नाही आणि पिंजारीही नाही. मागणी करायची तर ही करा. निवडणुकीच्या वेळी मोहल्ल्यात येणाऱ्याला कब्रस्तानाच्या भिंतीसोबत हेही सांगा.

आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. समाजमाध्यमांवर मुसलमानाला हिणवायला 'पंक्चरवाला' म्हणतात, त्याचा आपल्याला राग येतो. यायलाच हवा. पण रिश्ता जुळवताना मुलगा वेल्डिंग करतो हे आपण दबक्या आवाजात का सांगतो? दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केलं, आणि चिलखताच्या कड्या मापात जोडायला सांगितलं, हा उल्लेख सूरह सबामध्ये आहे. मापात हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आपण त्या आयतीवर तकरीर ऐकतो आणि घरी येऊन पोराला म्हणतो, पढाई नहीं की तो वेल्डिंग करना पडेगा. हिणवणाऱ्याने जे म्हटलं, तेच आपण पोराला वेगळ्या शब्दांत सांगितलं.

माझ्या परीने मी एक काम सुरू केलं आहे. वेल्डिंगच्या दुकानात जाणाऱ्या मुलांना मी एक वही दिली आहे. बनवलेल्या प्रत्येक कॅरिअरचं चित्र, पाइपचं माप, लांबी, वजन, कुठल्या बोल्टवर बसवलं, किती पैसे लागले. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, दोन्ही मिसळून लिहा. तीन महिन्यांनी ती गाडी परत दिसली तर बघा कुठे चीर गेली, कुठला नट ढिला झाला, आणि तेही लिहा. पहिल्या वहीत आतापर्यंत सतरा कॅरिअर आहेत. त्यांतल्या चारांना चीर गेली, आणि चारही चॅसीला वेल्डिंग केलेली होती. सतरा म्हणजे काही शास्त्र नव्हे, पण उस्तादाने ती वही पाहिली आणि आता तो चॅसीला रॉड लावायला नाही म्हणतो. गिऱ्हाईक भांडलं तर पोरगं वही काढून दाखवतं.

वहीच्या मागच्या पानावर मुलांनी स्वतःच्या काही सूचना लिहिल्या आहेत, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. कॅरिअर बसवल्यावर पहिल्या आठवड्यात सगळे नट पुन्हा आवळा. रबर दर पावसाळ्यानंतर बदला, उन्हाने ते कडक होऊन फाटतं. पाइपची तोंडं बंद करा, नाहीतर पाणी आत राहून आतून गंज चढतो. वेल्डिंग करताना काच धरा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते उगाच नाही. आणि मागे लाल चमकणारी पट्टी लावा. ती मीटरवर मिळते, अर्धा मीटर पुरते, आणि दिवा बंद पडला तरी दिसते.